आगगाडीचें गाणें आणि त्याचे गायक

उपासनेचें गीत नाचाच्या ठेक्यावर गाऊं नये, एकाचें गाणें दुसऱ्यानें उचलूं नये, आणि उचललेंच तर मूळ चाल सोडूं नये, असें म्हणणारे सज्जन आमच्या परिचयाचे पुष्कळ आहेत. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस आदर आहे. मताविषयीं मात्र नाहीं. कां नाहीं, तें एका अमेरिकन गाण्याच्या हकीकतीवरून सांगावें असें योजिलें आहे.

गाण्याचें नांव ‘पीपल गेट रेडी’. म्हणजे ‘लोकहो, सज्ज व्हा’. शिकागो शहरच्या कर्टिस मेफील्ड या तरुणानें तें रचिलें आणि ‘दि इम्प्रेशन्स’ या तिघांच्या मेळ्यानें तें १९६५ सालीं प्रथम गायिलें. प्रार्थनामंदिरांतील भक्तिगीतांची आळवणी आणि नाचगाण्यांतील ठेका यांच्या मिलाफानें अमेरिकेच्या कृष्णवर्णी लोकांत विसाव्या शतकाच्या मध्यास जें गायन उदयास आलें, त्यास ‘सोल’, म्हणजे आत्मा, असें नांव आहे. तें नांव या गाण्याइतकें दुसऱ्या कोणास शोभत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मेफील्डची आजी एका लहानशा मंडळीची उपदेशिका होती, आणि तिच्या उपासनेंतच हा मुलगा गावयास शिकला.

गाण्याचा विषय एवढाच कीं, एक आगगाडी येत आहे. तिच्यासाठीं सामान नको, तिकीट नको, श्रद्धा असली म्हणजे पुरे. ऐकावयास हें बालबोध वाटतें. परंतु ही आगगाडी कोणाच्या तोंडीं आहे तें पाहिलें पाहिजे. गुलामगिरीच्या काळीं दक्षिणेंतून उत्तरेस पळून जाणाऱ्यांना गुप्तपणें साह्य करणाऱ्यांच्या मार्गास ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. तिला रूळ नव्हते कीं इंजिन नव्हतें; आश्रय देणारीं घरें हींच तिचीं स्टेशनें, आणि हॅरिएट टबमनसारखे वाटाडे हेच तिचे ‘कंडक्टर’. ही बाई १८४९ सालीं स्वतः सुटली आणि पुनःपुन्हां परत जाऊन इतरांना घेऊन आली. पुढें गुलामगिरी गेली, तरी गाडीचा डबा मोकळा झाला नाहीं. १८९२ सालीं लुइझिआना प्रांतांत होमर प्लेसी हा गृहस्थ गोऱ्यांच्या डब्यांत बसला म्हणून पकडला गेला, आणि १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें वेगळे डबे ठेवणें कायदेशीर ठरविलें. प्लेसीजवळ पहिल्या वर्गाचें तिकीट होतें! (१८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत मॅरित्झबर्ग स्टेशनावर गांधीजींची तीच गत झाली, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.) सार्वजनिक ठिकाणचा हा भेद अमेरिकेंत कायद्यानें बंद झाला तो १९६४ सालीं, म्हणजे हें गाणें निघण्याच्या आदल्या वर्षीं. तिकीट असूनही ज्यांना डब्यांतून उतरविलें, त्यांच्या वंशजांनीं तिकिटावांचूनची गाडी गावी, यांत बालबोध कांहीं नाहीं.

गाण्यांत एक कडवें मात्र कठीण आहे. आपलें साधावें म्हणून सगळ्या मनुष्यजातीस दुखवणाऱ्या निर्ढावलेल्या पाप्यास या गाडींत जागा नाहीं, असें मेफील्ड त्यांत सांगतो. १९६३ च्या सप्टेंबरांत, रविवारच्या सकाळीं, बर्मिंगहॅम येथील एका चर्चमध्यें बाँब फुटून चार मुली मरण पावल्या होत्या. ज्या लोकांच्या मनांत ही जखम ताजी होती, त्यांस ‘इतके कठोर होऊं नका’ असें बाहेरच्यानें सांगणें आम्हांस तरी धाडसाचें वाटतें.

आतां इतरांनीं या गाण्याचें काय केलें तें पाहूं. १९६७ सालीं ‘व्हॅनिला फज’ नांवाच्या रॉक मेळ्यानें तें ऑर्गनच्या जड सुरांखालीं घातलें व इतकें मंद केलें कीं, गाडी स्टेशनांतून हलतच नाहीं. १९६८ सालीं ॲरेथा फ्रँकलिन हिनें तें गायिलें. ती डिट्रॉइटच्या एका बॅप्टिस्ट पाळकाची कन्या. तिच्या गळ्यांतून गाणें जणूं आपल्या घरीं परत आलें. १९८५ सालीं इंग्लंडच्या जेफ बेक यानें रॉड स्ट्यूअर्टच्या गायनास विजेच्या गिटारची साथ दिली. साथ कसली, गिटारच पुढें चालते. पण ती आपला डौल मिरवीत नाहीं, गाण्याचें दुःखच बोलते, म्हणून ती आम्हांस आवडते.

सर्वांत मोठा फरक जमेका बेटांतील बॉब मार्ली यानें केला. तेथील रेगे या डुलत्या ठेक्यांत त्यानें मेफील्डच्या ओळी आपल्या ‘वन लव्ह’ या गाण्यांत गुंफल्या. १९६५ सालच्या त्याच्या पहिल्या तबकडीवर मेफील्डचें नांव नव्हतें, आणि हें वाईटच झालें. १९७७ सालीं ‘एक्झोडस’ या संग्रहांत तेंच गाणें पुन्हां निघालें, तेव्हां शीर्षकांत मूळ गाण्याचें नांव आलें व कर्त्यांमध्यें मेफील्डचेंही. परंतु खरी गोष्ट त्या कठीण कडव्याची आहे. जेथें मेफील्ड ‘जागा नाहीं’ म्हणतो, तेथें मार्ली विचारतो, ‘जागा आहे काय?’ विधानाचा प्रश्न झाला! गाणें गोड करावयाचें असतें तर त्यानें कडवेंच गाळलें असतें. डुलणाऱ्या श्रोत्यांस त्याची उणीव भासलीही नसती. त्यानें तें ठेविलें, आणि उत्तर श्रोत्यावर सोपविलें. वधस्तंभावरील चोराची गोष्ट ज्यांनीं शब्बाथशाळेंत ऐकली आहे, त्यांस हा प्रश्न परका वाटणार नाहीं. आम्हांस विचाराल तर आम्ही मार्लीच्या बाजूचे. पण बर्मिंगहॅमच्या एखाद्या आईसमोर उभे राहून तसें म्हणण्याचा धीर आम्हांस होईल काय, तें सांगवत नाहीं.

चालीविषयींची भीति आपल्या मंडळींस नवी नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं विलायती चालींवर न थांबतां ख्रिस्तभक्ति अभंगांत व ओवींत आणिली. टाळमृदंगानें भक्ति बाटते असें आज कोणी म्हणेल, तर मुलेंही हंसतील. तेव्हां स्नेहसंमेलनांत गाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ठेका खुशाल बदलावा, पेटीऐवजीं गिटार घ्यावें. मात्र कर्त्याचें नांव आधीं सांगावें, आणि वेळ अपुरा आहे या सबबीवर जें कडवें टोंचतें नेमकें तेंच गाळूं नये. पालकांनींही मुलगा कोणत्या वाद्यावर गातो यापेक्षां काय गातो याची चौकशी अधिक करावी.

मेफील्डची पुढील हकीकत दुःखाची आहे. १९९० च्या ऑगस्टांत ब्रुकलिन येथें उघड्या रंगमंचावर वादळी वाऱ्यानें दिव्यांची चौकट त्याच्या अंगावर कोसळली, आणि मानेखालचें सर्व शरीर लुळें पडलें. गिटार पुन्हां हातीं धरतां आलें नाहीं. तरी १९९६ सालीं त्यानें आणखी एक संग्रह काढिला. पाठीवर निजून, श्वास पुरेल तितक्या एकदोन ओळी एका वेळीं म्हणावयाच्या, मग थांबावयाचें, अशा रीतीनें तीं गाणीं ध्वनिमुद्रित झालीं. आणि त्यांतील एकांत त्याच्यासवें गावयास ॲरेथा फ्रँकलिन आली होती.