भाषेची अट नाही

रविवारी शेजारच्या वहिनी गुळगुळीत कागदाचं एक माहितीपत्रक घेऊन आल्या. लेक अकरावीत. उन्हाळ्यात त्याला दोन आठवडे परदेशी पाठवायचा घाट आहे, तिथल्या दिव्यांग मुलांची 'सेवा' करायला. विमान वेगळं, उरलेला आकडा मी छापत नाही, तेवढ्यात जुनी मारुती येते. शेवटी प्रमाणपत्र, शिफारसपत्र आणि मुलांबरोबरचे फोटो. प्रमाणपत्रांच्या लॅमिनेशनवर मी लिहिलं तेव्हा 'मास्तर फार कडू झालेत' अशी पत्रं आली होती. घ्या आता, लॅमिनेशन परदेशातून होऊन येणार.

पण मला डाचली ती तळाची ओळ : 'स्थानिक भाषा येण्याची अट नाही.'

ती वाचून आठवलं : स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ कॅम्पहिल नावाचं एक घर आहे. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्नातून निसटलेल्या कार्ल क्योनिग या ज्यू कुळातल्या डॉक्टरने आणि त्याच्या साथीदारांनी तिथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी बिऱ्हाड मांडलं. १९४०च्या जूनमध्ये या घरात हलायची वेळ आली, तेव्हा गटातले पुरुष शत्रुराष्ट्राचे म्हणून ब्रिटिशांच्या नजरकैदेत. सामान बायकांनीच हलवलं. त्याच वर्षी जर्मनीत सरकारी डॉक्टर अपंगांना वायूच्या खोलीत पाठवत होते. आज कॅम्पहिलच्या वसाहती कितीतरी देशांत आहेत, आणि शाळा संपलेली जर्मन पोरंपोरी तिथे येऊन राहतात. पगार नाही, राहणं, जेवण आणि हातखर्च.

राहतात किती? बहुतेक जण वर्षभर.

एकाच छपराखाली, एकाच टेबलावर जेवत. कुणाला दात घासायला मदत, कुणाच्या बुटाच्या नाड्या, कुणाबरोबर बटाटे सोलणं. न बोलणारा माणूस 'पुरे' कसं सांगतो? चमचा ढकलतो, मान फिरवतो, की नुसता गप्प होतो? हे उमगायला लागेपर्यंत आपला चिरंजीव विमानतळावर सेल्फी काढत असेल. आणि तिथल्या माणसाचं काय? मला आंघोळ घालणारे हात दर पंधरवड्याला बदलले, तर मी तिसऱ्या महिन्यात बादली फेकून मारीन. त्याने फेकली, तर अहवालात 'आक्रमक वर्तन' अशी नोंद होईल.

कॅम्पहिलला येणाऱ्या या जर्मन पोरांच्या मागे एक जुनी वहिवाटही आहे. बंदूक हातात घेणार नाही म्हणणाऱ्या जर्मन तरुणांना १९६१ पासून नागरी सेवा करावी लागे. कित्येकांनी त्या काळात व्हीलचेअर ढकलल्या, म्हाताऱ्यांना जेवण पोचवलं. २०११ मध्ये लष्करी सक्ती थांबली, तशी हीही संपली; जुलैपासून ऐच्छिक सेवा आली. तिथल्या शहरांत थांब्यावर बस एका अंगाला झुकून दार खाली आणते. पुरावा मागू नका, पण त्या व्हीलचेअर ढकलणाऱ्यांतलाच कुणीतरी पुढे बसचा अभियंता झाला असणार, असा माझा वहीम आहे. आपल्या फुटपाथांबद्दल लिहीत नाही. संपादकांनी महिनाभर मनाई केली आहे.

भाषेची अट नाही, कारण बोलायचंच नाहीये. फोटोला हसू पुरतं.

वहिनींना म्हटलं, बोर्डाच्या परीक्षेत बारावीच्या अंध विद्यार्थ्यांना लेखनिक लागतो, आणि तो त्यांच्या खालच्या वर्गातलाच चालतो. दर परीक्षेला शोधाशोध होते. आपला पोरगा अकरावीत आहे, नेमका बसतो. घरापासून रिक्षाने वीस मिनिटं, आणि भाषा? मराठी.

वहिनी विचारात पडल्या. "पण भावजी, फेब्रुवारीत त्याचे क्लास असतात हो."

— हजेरीमास्तर