तीन वर्षांचे इंटर्न

जून २०२५च्या एफएमजीईला ३६,०३४ जण बसले आणि ६,७०७ पास झाले. म्हणजे १८.६१ टक्के. या आकड्यावर दर सहा महिन्यांनी होणारी हळहळ वाचकांना पाठ आहे, ती इथे पुन्हा नको. या मासिकाकडे सध्या जी पत्रे येत आहेत, ती पास झालेल्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची आहेत. त्यांतले बरेच पालक आपल्याच व्यवसायातले.

तक्रार बहुतेकांची एकच. स्क्रीनिंग सुटली, प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशनसाठी अर्ज केला आणि फाइल कॉम्पेन्सेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे ऑनलाइन वर्गांची भरपाई प्रत्यक्ष हजर राहून केल्याच्या विद्यापीठाच्या दाखल्यावर, अडली.

कोविड आणि पाठोपाठ युक्रेनचे युद्ध, यांत अनेकांचा अभ्यासक्रम ऑनलाइन झाला. क्लिनिकल ट्रेनिंग न घेतलेल्याला थेट रजिस्ट्रेशन देता येणार नाही, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने दोन महिन्यांत योजना आखावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२२ रोजी सांगितले. त्यात चूक काहीच नव्हती. घरी बसून मोबाइलवर प्रसूती पाहिलेल्याला लेबर रूममध्ये रात्री एकटे ठेवायला कोणता युनिट हेड तयार होईल? २८ जुलैला योजना आली. ३० जून २०२२पर्यंत डिग्री मिळालेल्यांनी एफएमजीई द्यावी आणि एकाऐवजी दोन वर्षे सीआरएमआय करावे. नियम कडक होता, पण निदान समजत तरी होता.

पुढचे समजत नाही. ऑनलाइन वर्ग कितीही काळ केलेले असोत, इंटर्नशिप दोन किंवा तीन वर्षे, असे ७ जून २०२४ची नोटीस सांगते. बारा दिवसांनी, १९ जूनला, खुलासा निघाला. ऑनलाइन वर्गांची पुरेशी भरपाई प्रत्यक्ष हजर राहून केली असेल आणि त्यानंतर परीक्षा दिली असेल, तर एक वर्ष चालेल. ही भरपाई किती तासांची, किती आठवड्यांची, कोणत्या विषयांची, याचा आकडा कुठे नाही. मग मोजणार कोण? विद्यापीठ लिहून देते, वकिलातीचा शिक्का लागतो, आणि इतके होऊनही राज्याच्या कौन्सिलमधला टेबलावरचा माणूस कागद उलटसुलट करून 'यात तारखा नाहीत' म्हणून परत पाठवतो. एकाच विद्यापीठाच्या, एकाच बॅचच्या दोघांपैकी एकाला एका राज्यात एक वर्ष आणि दुसऱ्याला शेजारच्या राज्यात तीन वर्षे, असे पत्रांवरून दिसते.

मोबिलिटी प्रोग्रॅमवाल्यांची गंमत तर विचारू नये. युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांनी तात्पुरते दुसऱ्या देशात शिकावे आणि डिग्री मूळ विद्यापीठानेच द्यावी, याला आयोगाने ६ सप्टेंबर २०२२ रोजी हरकत नसल्याचे कळवले होते. आता सर्टिफिकेट कोणी द्यायचे? ज्याने शिकवले त्याने डिग्री दिलेली नाही, आणि ज्याने डिग्री दिली तिथल्या वॉर्डात तो विद्यार्थी शेवटी उभाच राहिलेला नाही.

हिशेब मांडून पाहावा. २०१८ला गेलेला मुलगा २०२४मध्ये सहा वर्षे संपवतो, डिसेंबरची एफएमजीई पहिल्या फटक्यात काढतो, आणि तीन वर्षांचे सीआरएमआय लागले तर २०२८ उजाडते. त्याच्याबरोबर इथे एमबीबीएसला लागलेल्यांनी तोवर पीजीही संपवलेले असेल. आणि २०२०मध्ये आपल्या महाविद्यालयांतही थिअरी झूमवरच झाली होती, हे त्यांच्याच प्राध्यापकांना आठवत असेल. त्या बॅचना कोणी जादा वर्ष लावले नाही.

स्टायपेंडचे आणखी वेगळेच. एफएमजीकडून इंटर्नशिपची फी घेऊ नये, स्टायपेंड इथल्या इंटर्नइतकेच द्यावे, हे आयोगाचे ४ मार्च २०२२चे पत्रक आहे. तरीही ही मुले फुकट राबतात. हे दिल्लीच्या बाबूंनी केलेले नाही. ते आपल्या डीनसाहेबांनी केलेले आहे.

म्हणून सभासदांना स्पष्ट सांगायचे आहे. युनिटमध्ये आलेल्या एफएमजीला 'रशियावाला' म्हणून ट्रॉली ढकलायला आणि रिपोर्ट आणायला लावू नका. त्याला टाके घालू द्या, केस प्रेझेंट करायला उभा करा, लॉगबुकवर सही करण्याआधी ते वाचा. जादा वर्षे शिकण्यासाठी लावली आहेत ना, मग शिकवा. आणि बारावीच्या निकालानंतर एजंटांच्या सेमिनारमध्ये स्टेजवर बसून हारतुरे घेणाऱ्या सभासदांनी निदान १८ नोव्हेंबर २०२१चे रेग्युलेशन आधी वाचावे. ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशाच्या नागरिकाला मिळते त्याच दर्जाचे लायसन्स, आणि परतल्यावर इथे पुन्हा १२ महिने. यातली एकही अट राहिली तर पुढचे सगळे बाद. फिलिपिन्सचा चार वर्षांचा एमडी ४८ महिन्यांचाच भरतो, हे त्या स्टेजवरून किती जणांनी पालकांना सांगितले?

आयोगाकडे मागणी एवढीच आहे: कॉम्पेन्सेशन सर्टिफिकेटचा एक नमुना, त्यात विषयवार आठवड्यांचा तक्ता, आणि सर्व राज्यांच्या कौन्सिलांना बंधनकारक असे एकच पत्रक. ज्यांच्या फाइली अडल्या आहेत त्यांनी कौन्सिलने दिलेल्या लेखी नकाराची प्रत संपादकांकडे पाठवावी. तोंडी नकार मिळाला असेल, तर आधी माहितीच्या अधिकारात तो लेखी मागून घ्यावा. अशा प्रती एकत्र करून त्या मागणीसोबत आयोगाला सादर करायच्या आहेत.