रेडिएटरमधलं बोअरचं पाणी

एप्रिल २०२४ मधला रविवार. मुलगी तेव्हा लातूरला नीटच्या क्लासला होती. तिचा डबा आणि धुतलेले कपडे घेऊन मी सकाळी दहाला नांदेडहून निघाले. लोहा मागे पडलं आणि एसीतून गरम हवा यायला लागली. माळेगावजवळ टेंपरेचरचा काटा लाल रेषेला टेकला, बोनटमधून वाफ निघाली. गाडी बंद केली ती यात्रेच्या माळाशेजारीच. मार्गशीर्षात जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं.

गावातून एक वयस्कर मिस्त्री आले. "बाई, झाकणाला हात लावू नका, अंगावर उडंल," म्हणाले. अर्धा तास थांबले, मग फडकं धरून झाकण काढलं, आत बोट बुडवून पाहिलं. "ह्यात कूलंट न्हाई. नुसतं बोअरचं पाणी हाय. अन् थर्मोस्टॅट काढून टाकलाय कुणीतरी."

थर्मोस्टॅट का काढतात, हे मला या मिस्त्री मामांनीच सांगितलं. रेडिएटर चोंदला की इंजिन तापतं. थर्मोस्टॅट काढला की पाणी सारखं फिरत राहतं आणि दोन-चार किलोमीटरच्या चकरीत काटा वर चढत नाही. गिऱ्हाईक खूश होतं. खरा प्रकार कळतो तो उन्हाळ्यात, लांबच्या रस्त्यावर.

टोचन करून गाडी लोह्याला नेली. गॅरेजवाल्याने रेडिएटर खोलून दाखवला. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून जसा पांढरा थर धरतो, तसा थर त्या बारीक नळ्यांमध्ये बसला होता. काही नळ्यांतून सुईसुद्धा जात नव्हती. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं आणि आत गंज-क्षार धरत नाहीत. तीन-चारशे रुपयांची ही बाटली वाचवण्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. आपल्या भागात पाण्याची काय गत आहे, हे मी सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. खोल बोअरचं ते क्षारांचं पाणी माणसाला बाधतं, तसं ॲल्युमिनियमच्या हेडलाही. हेड तापून वाकलं, गॅस्केट गेलं.

हिशेब माझ्या वहीत आहे. गाडी २०१२ ची, डिझेल. २०२३ मध्ये लातूरच्या एका गाडी बाजारातून दोन लाख तीस हजारांना घेतलेली. टोचन २,५००. रेडिएटर ६,२००. वॉटर पंप २,४००. हेड फेसिंग, गॅस्केट, टायमिंग किट, ऑइल आणि मजुरी मिळून ३१,५००. पुढच्या वर्षभरात क्लच ११,००० आणि चार टायर १७,६००. लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकअप यांचे १३,८०० झाले. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात, त्याचा मार तिथेच बसतो. एकूण ८५,०००, म्हणजे गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. २०२७ मध्ये पंधरा वर्षं भरतील, तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणाचे ५,००० आणि हरित कर वेगळा.

क्लचच्या कामाच्या वेळी बॅटरीखाली ऑइल बदलल्याचं एक जुनं कार्ड सापडलं. काळं पडलेलं, पण आकडा वाचता येत होता: १,४२,०००. गाडी घेतली तेव्हा मीटरवर ६८,००० होते.

जुनी गाडी घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. नव्या गाडीचा हप्ता माझ्या पगारात बसत नव्हता आणि आठवड्याला लेकीकडे जाणं मला चुकवायचं नव्हतं. माझ्यासारखी शेकडो घरं नांदेड-लातूर रस्त्यावर अशाच गाड्यांतून जातात. म्हणूनच मला राग आहे तो कायद्यातल्या एका फटीचा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं प्राधिकार प्रमाणपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात आली की तशी सूचना द्यावी लागते. ही चांगली सुधारणा आहे, पण ती कागदाची. गाडी कुणाची हे कळतं. गाडी कशी आहे, हे सांगायला त्याला कुणी बांधलेलं नाही.

हाळी हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घेणारा शेतकरी आधी जबडा उघडून दात बघतो: दोनदाती, चारदाती की जुळलेला. मग चालवून बघतो, खोड विचारतो. रुमालाखाली बोटं धरून भाव त्यानंतर ठरतो. बैलाचं वय मागे नेता येत नाही. गाडीचं मीटर लॅपटॉप लावून मागे नेता येतं. म्हणून विक्रेत्याने एक पान सहीनिशी द्यावं: किलोमीटर किती, अपघात झाला का, इंजिन कधी खोललं, रेडिएटरमध्ये काय आहे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतातच. हे पान त्यांनाच जोडा. खोटं निघालं तर त्याचं प्रमाणपत्र जावं. परिवहन विभागाने मनावर घेतलं तर याला नवी इमारत लागत नाही की नवा माणूस.

तोवर एवढं करा. गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना, आणि विक्रेत्याला ती आधी चालू करू देऊ नका. झाकण स्वतः उघडा. पाणी हिरवं, गुलाबी किंवा निळं दिसायला हवं. मातकट असेल तर परत फिरा. आणि आपला मिस्त्री सोबत न्या.

आमच्या शाळेतल्या एक बाई पुढच्या रविवारी गाडी बघायला लातूरला चालल्या आहेत. माळेगावच्या मामांना मी फोन केला आहे. दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मिळून हजार रुपये त्यांनी मागितले, बाईंनी लगेच हो म्हटलं. मामा लोह्याच्या स्टँडवर सात वाजता उभे राहणार आहेत.