राक्षस खोटा, मशाल खरी

एका वाचक भगिनीनें आपल्या घरांतील लहानसा तंटा आम्हांस लिहून कळविला आहे व निवाडा मागितला आहे. त्यांच्या घरीं सुटीच्या दिवसांत मुलें दिवाणखान्यांत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा अमेरिकन खेळ मांडतात. परवां त्यांच्या धाकट्या चिरंजीवांचा वीर शंभर फूट उंच कड्यावरून उडी टाकून खालीं आला, अंगावरची धूळ झटकून उभा राहिला आणि चालूं लागला. नियमाप्रमाणें तो जिवंतच राहत होता. झोपाळ्यावर बसलेल्या थोरल्या भाऊजींस हें सहन झालें नाहीं. “आमच्या वेळच्या खेळांत असला पोरखेळ नव्हता,” असें ते म्हणाले. आणि भाऊजी १९८० च्या सुमारास शिक्षणासाठीं विस्कॉन्सिन राज्यांत राहिलेले, म्हणजे खेळाच्या माहेरींच तो खेळलेले, म्हणून त्यांच्या शब्दास वजन. चिरंजीवांचें उत्तरही ऐकण्यासारखें आहे: “काका, जेथें पंखांचा सर्प आग ओकतो, तेथें कडा तेवढा खरा कशाला पाहिजे?”

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. ह्यास पट लागत नाहीं. एक जण सूत्रधार होतो. भुयाराचा नकाशा आपल्यापुरता काढून ठेवतो आणि समोर काय दिसतें तें तोंडानें सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन ‘मी दाराला कान लावतों’, ‘मी मागें वळतों’ असें बोलत जातात. जेथें निकाल अनिश्चित तेथें फांसा. तो सोंगट्यांच्या खेळांतल्यासारखा लांबट नव्हे, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंत असलेला. अखेरची हारजीत नसते. एकच कथा वर्षानुवर्षें चालूं शकते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं हा खेळ रचला, व १९७४ सालीं लेक जिनीव्हा ह्या गांवीं तीन पुस्तिकांची पेटी म्हणून तो प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ति अवघी एक हजार प्रतींची होती.

आतां कड्याकडे वळूं. पात्राच्या जिवाचा हिशेब ‘हिट पॉइंट’ नांवाच्या आंकड्यानें ठेवितात. आपण त्यांस प्राणांक म्हणूं. नवशिक्याजवळ ते पांचसात असतात, मुरलेल्या वीराजवळ सत्तर-ऐंशी. दर दहा फूट पडण्यास सहा बाजूंचा एक फांसा, म्हणजे शंभर फुटांस दहा फांसे. कितीही दुर्दैव ओढवलें तरी त्यांची बेरीज साठाच्या वर जाणार नाहीं, आणि सरासरी तर पस्तीसच. सत्तर प्राणांकांचा वीर मरेल कसा? चिरंजीवांचें गणित चोख आहे. पण भाऊजींस एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दहा फुटांस एक फांसा हा नियम आजच्या पोरांनीं काढलेला नाहीं. १९७८ सालीं छापलेल्या खेळाडूंच्या पुस्तकांतही तो आहे, आणि भाऊजी विस्कॉन्सिनांत ज्या पुस्तकावरून खेळले तें बहुधा तेंच असणार!

हे प्राणांक आले कोठून, ही हकीकत गोड आहे. गायगॅक्स व जेफ पेरेन ह्यांनीं १९७१ सालीं ‘चेनमेल’ नांवाचे नियम केले होते. ते शिशाच्या लहान सैनिकांच्या पलटणी लढविण्याचे. त्यांत साधा शिपाई एका घावांत आडवा होई, आणि त्याबद्दल कोणी रडत नसे, कारण तो शिपाई कोणाचाच नव्हता. त्याच सुमारास मिनेसोटा राज्यांत आर्नेसन आपल्या मित्रांना ‘ब्लॅकमूर’ ह्या कल्पित देशांत खेळवूं लागला. तेथें प्रत्येकाच्या वांट्यास एकच मनुष्य. त्याला नांव, स्वभाव, थोडाफार पूर्वेतिहास. असा हातीं वाढविलेला मनुष्य एका फाशासरशीं गेला कीं मंडळी हिरमुसली होऊं लागली. आर्नेसनपाशीं अमेरिकेच्या यादवी युद्धांतील लोखंडी चिलखताच्या जहाजांचे नियम तयार होते. जहाज एका गोळ्यानें बुडत नाहीं. त्याचें बळ थोडथोडें खचत जातें. तो हिशेब त्यानें माणसांस लावला. म्हणजे ज्या नियमास आज लोक सर्वांत खोटा म्हणून हिणवितात, तो जहाजांपुरता खरा होता, आणि माणसांत आला तो केवळ ममतेपोटीं.

पुढें गायगॅक्सनें ह्याचें समर्थन केलें कीं, प्राणांक म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे. त्यांत कसब आहे, नशीब आहे, दैवी पाठबळही आहे. विचार ठीक, पण तो शेवटपर्यंत तग धरीत नाहीं. जखमा बऱ्या करण्याचा जो लहान मंत्र त्या वेळच्या नियमांत होता, तो फार तर आठ प्राणांक परत देई. मरणोन्मुख नवशिक्या त्यानें ठणठणीत होई, आणि त्याच मंत्रानें मुरलेल्या वीराचें खरचटणेंही धड भरत नसे. नशिबाला मलमपट्टी कशी करावयाची? समर्थन मागाहून शोधलेलें आहे, हें त्याच्या शिवणीवरूनच दिसतें. मात्र १९७९ सालच्या सूत्रधाराच्या ग्रंथांत गायगॅक्सनें वास्तवाची हुबेहूब नक्कल करणारा पंथ आणि खेळाला खेळ मानणारा पंथ असे दोन पंथ सांगून आपण दुसऱ्या पंथाचे, असें निक्षून म्हटलें आहे. हा प्रामाणिकपणा आम्हांस त्या समर्थनापेक्षां अधिक आवडतो.

पहिल्या पंथाचे लोकही स्वस्थ बसले नव्हते. १९७७ सालीं ‘शिव्हल्री अँड सॉर्सरी’ निघालें. त्यांत मध्ययुगीन सरंजामी समाजाची सारी उतरंड अतिबारीक टंकांत भरलेली. १९७८ सालचें ‘रूनक्वेस्ट’ बरेंच शहाणें होतें. त्याचा मुख्य कर्ता स्टीव्ह पेरिन हा वेताच्या तरवारी घेऊन प्रत्यक्ष द्वंद्वें लढणाऱ्या मंडळींपैकीं होता. त्यामुळें त्याच्या नियमांत हात, पाय, डोकें ह्यांचे प्राणांक वेगळाले, आणि अनुभवी योद्धाही एका वर्मी घावानें मरे. मग १९८० सालीं ‘आर्म्स लॉ’ आलें: प्रत्येक शस्त्राचें निराळें कोष्टक, चिलखतांचे वीस प्रकार, आणि कोणतें हाड मोडलें तें सांगणाऱ्या याद्या. ह्या याद्या वाचावयास मोठी मौज येते. पण एका घावासाठीं तीन पानें उलटावीं लागलीं, तर समोर तरवार आहे हा भास राहत नाहीं, टिपणवही तेवढी राहते. झटापटीचा वेग हीही वस्तुस्थितीच आहे, आणि कोष्टकानें पहिला बळी तिचा जातो.

ही अडचण खेळणाऱ्या पोरांचीच होती असें मात्र नाहीं. प्रशियाच्या सैन्यांत अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं नकाशावरील युद्धखेळ होता. १८२४ सालीं धाकट्या राइस्विट्झनें त्याचे नियम छापले. त्यांत फांसे होते, नुकसानीचीं कोष्टकें होतीं, आणि वर एक पंच होता. ह्या लोकांना वास्तव हवें होतें तें हौसेसाठीं नव्हे. उद्यां खऱ्या रणांत उतरावयाचें होतें. तरीही १८७६ सालीं व्हेर्डी दु व्हेर्न्वा ह्या सेनापतीनें कोष्टकांचें जोखड टाकून द्यावें व जाणत्या पंचाच्या अनुभवावर निकाल सोंपवावा, असें प्रतिपादिलें. ज्यांचा प्राण पणास लागणार होता त्यांनींच आंकड्यांहून विवेकावर अधिक भरंवसा ठेवावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मग भाऊजींची तक्रार सर्वस्वीं पोकळ समजावी काय? तसें नाहीं. जुना खेळ तरवारीच्या घावांत ढिला होता, पण दुसरीकडे तो सावकारासारखा कडक होता. मशाल सहा घटका जळे, आणि खेळांतील एक घटका म्हणजे दहा मिनिटें. एका तासानें अंधार. भुयारांत किती चाललों, किती वेळ थांबलों, ह्याची नोंद सूत्रधार ठेवी, आणि ठराविक वेळानें फांसा टाकून कोणी हिंस्र प्राणी भटकत आला काय तें पाही. नाण्यांनाही वजन होतें: दहा नाण्यांचा एक पौंड. आणि खरी मेख अशी कीं, पात्राची बढती मुख्यत्वें बाहेर आणलेल्या धनावर होई. भगिनींच्या पत्रांत भाऊजींची एक आठवण आहे. बाहेर गुडघाभर बर्फ, वसतिगृहाच्या खोलींत पांच जण. भुयारांत मोहरांचा ढीग सांपडला. ओझें झेपेना म्हणून दोर, अन्न आणि उरलेल्या दोन मशाली टाकून मंडळींनीं पिशव्या भरल्या. परततांना वाटेंत उजेड संपला. सूत्रधारानें तेथून पुढें नकाशाचें वर्णन बंद केलें आणि ‘काय ऐकूं येतें’ एवढेंच सांगूं लागला. भाऊजींचें पात्र त्या रात्रीं गेलें. त्याचे प्राणांक किती होते हें त्यांना आज आठवत नाहीं. टाकलेल्या मशाली दोन होत्या, हें मात्र पक्कें आठवतें.

ह्यास आम्ही खरेंपणा म्हणतों. हाड कोणतें मोडलें हें कळून खेळ खरा होत नाहीं. जें टाकलें तें परत मिळत नाहीं, आणि जें केलें त्याचें फळ सूत्रधार पदरांत घालतो, एवढ्यानें तो खरा होतो. नव्या नियमांचा हात येथें फार सैल झाला. २०१४ सालच्या आवृत्तींत एका रात्रीच्या पुऱ्या विश्रांतीनें सारे प्राणांक परत येतात. पोरें आनंदांत राहतात, पण उद्यांची धास्ती नाहींशी होते. ह्याच ओढीनें कांहीं जुन्या खेळाडूंनीं २००६ सालीं ‘ऑस्रिक’ नांवानें जुने नियम पुन्हां मांडले, आणि २००८ सालीं मॅट फिंच ह्यानें एक लहान पुस्तिका काढून नियमापेक्षां सूत्रधाराचा निवाडा श्रेष्ठ, असें आग्रहानें सांगितलें. प्रशियन सेनापतीचें नांव तींत नसेल, पण रक्त त्याच कुळींचें आहे. तेव्हां कड्याचा निवाडा असा: झुंजींत ढकलला जाऊन वीर पडला, तर फांसे टाकावे आणि नशीब म्हणावें. पण ‘मी मरत नाहीं हें मला ठाऊक आहे’ म्हणून कोणी हिशेब करून उडी मारली, तर सूत्रधारानें फांसे बाजूस ठेवून “तूं मेलास” म्हणावें. मात्र उडीपूर्वीं एकदां बजवावें. न बजावतां दिलेला निकाल जुलूम होईल, आणि त्या खेळांत पुन्हां कोणी बसणार नाहीं.

आतां थोडें आपल्या घरचें. १९७७ सालच्या ह्या खेळाच्या प्राणिग्रंथांत ‘राक्षस’ हिंदुस्थानचा म्हणूनच आला आहे. वाघाचें मुंडकें, उलटे तळहात, चित्रांत साहेबी थाटानें पाइप ओढीत बसलेला. आणि मरण कशानें, तर धर्मोपदेशकानें मंत्रून दिलेल्या बाणानें! ही कल्पना पुराणांतून आलेली नाहीं. अमेरिकन दूरदर्शनवरील ‘कोल्चॅक’ नामक भयकथामालेंतून गायगॅक्सनें ती उचलली. आमच्या आजीबाईंनीं हा राक्षस ओळखलाही नसता. त्यांच्या बकासुराला चित्र लागत नव्हतें. गाडाभर भात, गाडीचे दोन रेडे आणि गाडी हांकणारा मनुष्य, एवढा त्याचा रोजचा शिधा. आणि आज कोणत्या घराची पाळी, हा प्रश्न. भगिनींच्या चिरंजीवांनीं पुढल्या खेपेस सूत्रधार व्हावें आणि भाऊजींनीं पात्र घ्यावें, असें आम्ही सुचवितों. एकचक्रा नगरीच्या वेशीवर गाडी उभी करावी. वाट किती कोसांची, रेडे किती वेगानें चालतात, अंधार पडण्यास वेळ किती आणि गाडींत मशाली किती, हें आधीं कागदावर लिहून ठेवावें. बकासुराचे प्राणांक मागाहून ठरविले तरी चालतील.