गवताचें बीं घरचें असावें

आमचा कुणबी जोंधळ्याचें बीं जपतो, पण गवताचें वाऱ्यावर सोडतो. अंजन गवताचीं सारीं कणसें एकदम पिकत नाहींत व पिकलेलें बीं लागलेंच गळतें. म्हणून आरंभींच विळा घालूं नये. पिकेल तसतसें दोन-तीन खेपांस मुठीनें ओरबडून घ्यावें, सावलींत वाळवावें. मग चाऱ्यास कापणी करावी. ठोंब राखावा, तोच पुढील सालीं फुटतो. ताजें बीं नीट उगवत नाहीं. तें पुढल्या मृगापर्यंत कोरडें ठेवावें.

गायरानें जंगलखात्यानें गिळल्याचें गाऱ्हाणें जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ ग्रंथांत मांडलें. आतां बांध तरी आपला आहे ना? मग आम्ही विचारतों, बांधावरच्या गवताच्या बियांसाठींही दुसऱ्याच्या दारीं कां उभें राहावें?