मनगटावरचा डॉक्टर किती भरवशाचा?

गेल्या भाऊबीजेला मामा आईकडे ओवाळून घ्यायला आले ते मनगटावरचे नवे घड्याळ दाखवतच. मामांचे वय ७१. गेली बारा वर्षे रक्तदाबाची गोळी चालू. मुलाने घेऊन दिलेले हे घड्याळ वेळ सांगते, पावले मोजते, झोप मोजते आणि रक्तदाबही सांगते. "एकशे अठरा - अठ्ठ्याहत्तर! तीन आठवडे रोज हेच येतंय. गोळी बंद करून टाकली मी," मामांनी जाहीर केले.

माझ्या मुलीने घड्याळ मागून घेतले आणि तीन मजले धावत चढून आली. आकडा आला १२०-७९. मग मी बांधले. मलाही जवळपास तेच! सत्तरी ओलांडलेले मामा, पन्नाशीतली मी आणि धापा टाकणारी सतरा वर्षांची मुलगी, तिघांचा रक्तदाब एकच. मी आईचे जुने, दंडाला पट्टा गुंडाळायचे मशीन कपाटातून काढले. "मामा, पाच मिनिटं बोलू नका, शांत बसा," म्हटले आणि दोनदा मोजले. दोन्ही वेळा वरचा आकडा १६५ च्या पुढे. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली.

मामांचा प्रश्न सुटला, पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला. औषधाच्या गोळीमागे वर्षानुवर्षांच्या चाचण्या असतात. मग गोळी बंद करायला लावणाऱ्या या आकड्यामागे काय असते?

याचे उत्तर शोधताना अमेरिकेतले एक प्रकरण वाचनात आले. २०१४ साली तेथे 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचे मोबाइल ॲप विक्रीला आले. फोन छातीवर टेकवायचा, बोट कॅमेऱ्यावर ठेवायचे, की रक्तदाब हजर. २०१५ च्या जुलैत ते बाजारातून गेले, तोवर लाखाहून अधिक प्रती खपल्या होत्या. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ८५ जणांवर ते तपासले. ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, त्यांच्यापैकी दर दहातल्या जवळपास आठ जणांना ॲपने 'सारे ठीक' असे सांगितले होते. त्याच वर्षी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. ॲपला मिळालेल्या पाच ताऱ्यांच्या शिफारशींपैकी काही कंपनीच्याच माणसाने व नातेवाइकांनी दिल्या होत्या, असे आयोगाच्या तक्रारीत नमूद होते.

वाण्याचा काटा खोटा असेल तर पावशेरामागे चार पैशांचे नुकसान. वाढलेला रक्तदाब मात्र बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तो आहे हे सांगणारा आकडा हा एकच साक्षीदार असतो. तोच खोटे बोलू लागला तर अर्धांगाचा झटका येईपर्यंत पत्ता लागत नाही. शिवाय दिलासा देणारा साक्षीदार आपल्याला आवडतो, हीही गोम आहेच.

वस्तुत: खरे-खोटे करण्याची रीत ठरलेली आहे. पट्ट्याच्या मशीनसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. किमान ८५ माणसे घ्यायची, त्यांत कमी-जास्त रक्तदाबाची आणि बारीक-जाड दंडाची सर्व असली पाहिजेत. प्रशिक्षित निरीक्षकांच्या मोजणीशी आकडे ताडायचे आणि सरासरी फरक ५ अंशांपलीकडे जाता कामा नये. बिनपट्ट्याच्या उपकरणांसाठी याहून वेगळ्या कसोट्या लागतात.

तपासणी कोणावर झाली, हेही महत्त्वाचे. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. तो बोटातून प्रकाश सोडून मोजतो. २०२० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांना आढळले, की प्राणवायू घटलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या देशात हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे.

आकडा बरोबर असला, तरी प्रश्न संपत नाही. त्याने माणूस बरा होतो का? डेन्मार्कमध्ये सत्तरीपुढच्या सुमारे ६ हजार लोकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काहींच्या त्वचेखाली हृदयाचे ठोके सतत टिपणारे छोटे यंत्र बसवले होते. त्यांच्यात ठोक्यांची अनियमितता जवळपास तिप्पट सापडली, उपचारही वाढले. पण पक्षाघात लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. सापडणे वेगळे आणि वाचवणे वेगळे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १ एप्रिल २०२० पासून सॉफ्टवेअरसह सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. पण मामांच्या घड्याळाचे खोके मी भिंगाखाली धरले, तेव्हा एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते : वैद्यकीय वापरासाठी नाही. जाहिरातीत डॉक्टर आणि खोक्यात खेळणे! जर्मनीने यावर एक वाट काढली. तेथे २०२० पासून ठरावीक आरोग्य ॲप डॉक्टर लिहून देतात आणि विमा पैसे भरतो. पण यादीत कायम राहायचे तर उपयोग होतो याचा पुरावा द्यावा लागतो.

तोवर घरच्या घरी आपण काय करावे? विकत घेताना तारे मोजू नयेत, प्रश्न विचारावेत. हे कोणावर तपासले? कशाशी ताडून पाहिले? तपासणारा तिऱ्हाईत होता की विक्रेताच? सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ कोणी गळ्यात मारत असेल, तर एवढे लक्षात ठेवावे, की त्वचेला छेद न देता स्वत: साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. आणि घड्याळ काहीही म्हणो, डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी थांबवू नये.

मामा अजून ते घड्याळ वापरतात. पावले मोजायला. रक्तदाब मात्र दर रविवारी सकाळी दंडाला पट्टा बांधून मोजतात आणि वहीत लिहून ठेवतात. वहीतले आकडे १२० वर ठाम राहत नाहीत, खालीवर होतात. डॉक्टर म्हणाले, "असंच हवं. जिवंत माणसाचे आकडे हलतातच."