कार्डावरील सावकारी

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा होय, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. परंतु त्यामुळे व्याजावर मर्यादा येण्याची ऋणकोंची आशा मावळली, हेही नाकारता येणार नाही.

हिशेब पाहावा. पन्नास हजारांच्या बिलापोटी ‘किमान देय’ म्हणून २,५०० रुपये भरले, तर उरलेल्या ४७,५०० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी सुमारे १,६६० रुपये व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के कर चढतो. म्हणजे अडीच हजार मोजून कर्ज घटते ते जेमतेम साडेपाचशेने! शिवाय थकबाकी असेतो नव्या खरेदीसही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

१८७५ साली पुणे-नगरकडील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यांना आपला सावकार निदान डोळ्यांसमोर दिसत होता. आजच्या सुशिक्षित पगारदारास किमान रक्कम भरली की आपण कर्जमुक्त आहोत, असेच वाटते.

महिनाअखेर संपूर्ण फेडता येईल तेवढाच खर्च कार्डावर करावा, हे खरेच. पण केवळ उपदेशाने भागणार नाही. बिलावरील सर्वसाधारण इशारा पुरेसा नाही. किमान रक्कमच भरल्यास हे कर्ज फिटण्यास किती वर्षे लागतील, हे प्रत्येकाच्या बिलावर छापण्याची सक्ती अमेरिकेने २००९ च्या कायद्याने केली. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही ती करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.